जिन्यावरचं बिऱ्हाड

॥ श्री ॥

नामपूर,
७ सप्टेंबर १९९८

चि. सौ. मोहिनीस,
सरूअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम, तुमचे कुशल कळवावे.

आप्पा सकाळच्या नाशिक गाडीने निघाले, ते दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचले असतील. मनोजराव सीबीएस स्टँडवर घ्यायला आले असतील असं धरून चालते. पिशवीत बाजरीचं पीठ आहे, ते आजच चाळून डब्यात काढ. शहरातल्या गिरणीच्या पिठाची भाकरी आप्पांना चिवट लागते. भाकरी पातळ कर आणि दुधात कुस्करून दे. दात दोनच राहिलेत, पण कबूल करत नाहीत. पहाटे चारला उठतात आणि उठल्या उठल्या चहा लागतो. तुझ्या घरी चारला कोण उठतं ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

मोतीबिंदू नाशिकलाच काढायचा हे मनोजरावांनी ठरवलं. सटाण्यातही डॉक्टर आहेत, आमच्या गल्लीतल्या चौघांचे तिथेच काढले, कुणी आंधळं झालं नाही. असो. आई गेल्यापासून नऊ वर्षं आप्पा माझ्याजवळ आहेत. एवढ्या काळात त्यांनी बाहेर तीन मुक्कामही केले नसतील. इंदिरानगरला तुमच्या बंगल्याची वास्तुशांत झाली तेव्हा जेवून संध्याकाळच्या गाडीने परत आले होते. तेव्हा महिनाभर तुझ्याकडे त्यांना करमणार नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. दसऱ्याला मी घ्यायला माणूस पाठवते.

गाडी सुटताना मी हात केला. त्यांनी वळून बघितलं नाही. खिडकीशी जागा मिळाली म्हणून खूश होते. तुझ्याकडे यायला एवढा आनंद होतो हे मला आजच कळलं.

ऑपरेशन झालं की दोन ओळी टाक. मनोजरावांना नमस्कार. माझी माया आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी
सरूअक्का


॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक,
२४ सप्टेंबर १९९८

ती. सौ. अक्कास,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आहे आणि महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही असं बजावलं आहे. पीठ चाळून ठेवलं. चारचा चहा मी देते. पहिले चार दिवस जड गेलं, आता सवय झाली.

एक मोठी गंमत सांगायची आहे. आमच्या गच्चीवर जिना संपतो तिथे छोटी खोली आहे ना, तिथून आठ दिवस फुसफुस ऐकू यायची. साप असणार म्हणून मी कपडे वाळत घालायला जाईना. ह्यांनी सर्पमित्राला बोलवायचं ठरवलं. आप्पा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभे राहिले, कान लावला आणि हसत सुटले. म्हणाले, साप कसला, घुबड शे! टीव्ही ज्या लाकडी खोक्यातून आला ते खोकं तिथे पडून होतं. त्यात गव्हाणी घुबडाची जोडी राहायला आली आहे. तोंड पिंपळपानासारखं, पांढरंशुभ्र. मादी पाच अंड्यांवर बसली आहे.

ह्यांना खोली रिकामी करून नवी टाकी बसवायची होती. आप्पा जिन्यात आडवे उभे राहिले. पिल्लं उडेपर्यंत वर कुणी हात लावायचा नाही म्हणाले. ह्यांनी बिचाऱ्यांनी ऐकलं. तुला माहीत आहे, आमच्या मागे मोकळे प्लॉट आहेत, गाजरगवत माजलंय, घुशींनी कंपाउंडची भिंत खालून पोखरली आहे. गेल्या महिन्यात उंदरांनी स्कूटरची वायर कुरतडली, साबण तर रोजचेच. आता दिवेलागणीला नर निघतो. आप्पा खुर्ची टाकून बसतात आणि त्याने काय काय आणलं ते मला सांगतात. मग गोदामातल्या जुन्या गोष्टी निघतात, तुमच्या लग्नाच्या वेळच्या निघतात. आप्पा इतकं बोलतात हे मला माहीतच नव्हतं गं!

अंडी फुटल्याशिवाय हलणार नाही असं त्यांनी सांगितलं आहे, तेव्हा दसऱ्याला माणूस पाठवू नकोस. दाजींना नमस्कार. धाकटीवर लोभ ठेव.

तुझी
मोहिनी


॥ श्री ॥

नामपूर,
८ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. मोहिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. डोळा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पुढचं वाचून काय वाटलं ते लिहिते, राग मानू नकोस.

आप्पा तुझ्याशी बोलतात, बरं झालं. माझ्याकडे नऊ वर्षांत मीठ कमी आहे आणि आभाळ भरून आलंय, ह्यापलीकडे तिसरं वाक्य मी फारसं ऐकलं नाही. गोदामातल्या गोष्टी तर एकही नाही. तीस वर्षं ते सटाण्याच्या धान्यगोदामात होते, उंदरांना औषध घालायचे, एवढं मला ठाऊक. त्या औषधापायी आपल्या घरात मात्र विषाची वडी येऊ दिली नाही. माझ्या बाजरीच्या कोठीत उंदीर नाचतात आणि मी रोज पिंजरे लावत बसते, का, तर आप्पांचा हुकूम. आता म्हातारपणी घुबडाची राखण करायला बसले! आमच्या चिंचेवरही पिंगळ्यांची जोडी आहे. तिच्यासाठी त्यांनी कधी खुर्ची टाकली नाही.

दसऱ्याला मी पुरणाचं केलं. सोनं द्यायला गल्लीतली माणसं आली, ती आप्पांना विचारत होती. डोळ्याचं निमित्त सांगितलं. घुबडासाठी थांबलेत असं कसं सांगू? हे म्हणाले की म्हाताऱ्याला जरा मोकळं सोड. ह्यांना काय कळतं?

तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. आत्याने आजीचं नाव चालवायचं म्हणून माझं नाव सरू ठेवलं. तुझ्या वेळी नाव आप्पांनी स्वतः निवडलं, मोहिनी. तुला खांद्यावर बसवून सटाण्याच्या यात्रेत फिरवलं. मी मागून चप्पल हातात घेऊन चालत होते. एवढं आज कशाला लिहिते आहे कुणास ठाऊक.

दिवाळीला आप्पा इथे हवेत. अंडी तोपर्यंत फुटतील. नाहीतर फुटलेली अंडी बघायला मनोजराव आहेतच.

सगळ्यांना आशीर्वाद. माझ्यावर माया असेल तर आप्पांना पाठव.

तुझी
सरूअक्का


॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक,
२७ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला आप्पा आले नाहीत म्हणून तू रागावली असशील. मी खरंच तिकीट काढलं होतं. आदल्या दिवशी चौथं पिल्लू बाहेर आलं आणि त्यांनी पिशवी परत खुंटीला लावली. पाचवं अंडं फुटलं नाही. पिल्लं दिसायला इतकी कुरूप आहेत की हसू येतं, थोरलं आणि धाकटं यांत दुप्पट फरक. नर-मादी दोघंही उंदीर आणतात. सकाळी खोलीत काळ्या गोळ्या पडलेल्या असतात. न पचलेले केस आणि हाडं घुबड ओकून टाकतं, त्या ह्या गोळ्या. आप्पांनी एक गोळी पाण्यात भिजवून वर्तमानपत्रावर सोडवली, त्यात उंदरांची चार डोकी निघाली. शेजारपाजारची माणसं बघायला आली होती. आता कॉलनीत त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, आणि ते कुणाला दुरुस्त करत नाहीत!

रविवारी कॉलनीची बैठक झाली. उंदरांसाठी सगळीकडे विषाच्या वड्या टाकायच्या असं ठरत आलं होतं. आप्पा उठले आणि अर्धा तास बोलले. कचऱ्याचे पिंप झाकणाचे हवेत, बिळं सिमेंटमध्ये काचा घालून बुजवा, गवत काढा, दाराखाली पत्र्याची पट्टी मारा, पिंजरे लावा, आणि बाकीचं काम घुबडावर सोडा, असं म्हणाले. गोदामातले किती दाखले दिले! ते काही लिहीत बसत नाही, तुला पाठच असतील. शेवटी वड्यांचा बेत रद्द झाला.

एकट्या कुसाबाई कुरकुरत होत्या. तुमच्याच गल्लीतलं माहेर त्यांचं, तू ओळखतेस. समोरच्या बंगल्यात घुबड राहतं आणि आपली सून दिवसांत आहे, हे बरं नव्हे असं त्यांना वाटतं. आप्पांनी त्यांना समजावलं, पण पटलेलं दिसलं नाही.

पिल्लं उडायला डिसेंबर उजाडेल. तोवर आप्पा इथेच. डोळा छान दिसतो आहे, चेहऱ्यावरही तकाकी आली आहे. फराळाचा डबा मिळाला, अनारसे तुझ्यासारखे कुणाला जमत नाहीत. थोडा लोभ इकडेही वळव.

तुझी
मोहिनी


॥ श्री ॥

नामपूर,
५ नोव्हेंबर १९९८

सौ. कुसाबाईंस,
सरूचा सप्रेम नमस्कार.

तुमच्या माहेरी सगळी बरी आहेत. वहिनी भेटल्या होत्या, तुमच्या सुनेला आठवा लागला असं कळलं. आनंद झाला, आणि काळजीही वाटली, म्हणून लिहिते.

समोर घुबडाचं बिऱ्हाड आहे असं मोहिनीच्या पत्रातून समजलं. तुमच्या मनात आलेलं चूक नाही. आमच्या मागच्या आळीत एका घरावर असंच घुबड येऊन बसायचं, त्या घरात पुढे काय काय झालं ते पत्रात लिहिण्याजोगं नाही. दिवसांतल्या बाईने त्याची सावलीसुद्धा घेऊ नये. मोहिनीला आणि आप्पांना हे सांगून उपयोग नाही.

त्याला मारावं असं मी म्हणत नाही, ते पाप नको. पण उंदीर संपले की त्याला खायला राहणार नाही आणि ते आपणहून दुसरीकडे जाईल. आमच्या बाजारात औषधाच्या चांगल्या वड्या मिळतात. घरी आप्पा आणू देत नाहीत, गाव मात्र सगळं वापरतं. गुरुवारी लखनचा टेम्पो कांदा घेऊन नाशिकला येतो, त्याच्याजवळ चार पुड्या दिल्या आहेत. गटाराच्या कडेला आणि मागच्या गवतात टाका. लेकरं जातात तिथे टाकू नका, हात नीट धुवा.

माझं नाव कुठे काढू नका. सुनेला जपा. बाळंतपण सुखरूप होवो.

आपली
सरू


॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक,
२२ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

वाईट बातमी आहे. घाबरू नकोस, आप्पांना तसं काही झालेलं नाही. पण मादी मेली.

बुधवारी सकाळी ती गच्चीच्या कोपऱ्यात बसलेली दिसली. उन्हात घुबड बसत नाही, तेव्हाच आप्पांना संशय आला. जवळ गेलं तरी उडेना. चोचीतून रक्त येत होतं. दुपारपर्यंत आप्पांच्या पंच्यावर मान टाकून गेली. आप्पा म्हणाले, हे विष शे, दुसरं काही नही. विषाची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो. घुबडाला तो आयता सापडतो आणि त्याच्यातलं विष घुबडाच्या पोटात जातं. गोदामात आढ्यावर एक जोडी होती, तीही अशीच त्यांच्या हातच्या औषधाने मेली होती, असं त्यांनी मला तेव्हा सांगितलं.

संध्याकाळी कुसाबाई रडत आल्या. वड्या त्यांनीच टाकल्या होत्या. घुबड मरेल असं वाटलं नव्हतं, निघून जाईल एवढंच वाटलं होतं, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. वड्या कुठून आणल्या ते काही केल्या सांगेनात. हातातली रिकामी पुडी त्यांनी आप्पांपुढे ठेवली. आप्पांनी ती नव्या डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघितली आणि घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. कॉलनीतली माणसं मात्र कुसाबाईंना वाट्टेल ते बोलली. त्यांच्या दारात कुणी जात नाही. सून बिचारी दिवस भरत आलेली, ती घाबरून गेली आहे.

आता पिल्लांचं कठीण आहे. चार तोंडं, एकटा नर. तो दोन-तीन उंदीर आणतो, लागतात दहा-बारा. पिंजऱ्यातला इथला उंदीर द्यावा तर त्याने वडी खाल्ली असेल का ही भीती. आप्पांनी तीन दिवस नीट जेवण केलेलं नाही. ताट पुढे ओढतात आणि तसंच ठेवतात. मी रोज भाकरी करते आणि ते म्हणतात की सरूची भाकरी असती तर अर्धी गेली असती. बिनविषाचे उंदीर मी कुठून आणू, अक्का?

मनाला फार लागलं म्हणून तुला लिहिलं. तुझाच आधार वाटतो.

तुझी
मोहिनी


॥ श्री ॥

नामपूर,
२५ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. मोहिनीस,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

त्या पुड्या माझ्या. कुसाबाईला पत्र मी घातलं, लखनच्या टेम्पोत वड्या मी दिल्या, नाव सांगू नका म्हणून मीच लिहिलं. मागच्या आळीतल्या घराचं जे तिला लिहिलं तेही खोटं, तिथे काही झालेलं नाही. घुबड मारायचं माझ्या मनात नव्हतं. उंदीर गेले की ते जाईल, ते गेलं की आप्पा घरी येतील, एवढंच डोक्यात होतं. विष असं उंदरातून घुबडात जातं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांनी ते तुला सांगितलं.

बघ, अजूनही तेच लिहिते आहे. किती वाईट आहे मी!

खरं सांगू का? आप्पा तिकडे बोलतात, हसतात, लोक त्यांना गुरुजी म्हणतात, हे वाचलं की माझ्या पोटात आग पडायची. मी त्यांचं धोतर धुतलं, पाय चेपले, आजारपणं काढली, आणि त्यांची तकाकी तुझ्या गच्चीवर यावी? लहानपणी ते गोदामातून घरी येत तेव्हा मी दारात धावत जायची. ते दोन्ही हात पाठीमागे घेत आणि मला लांब हो म्हणत. रोज. मी रंगाने काळी, म्हणून घेत नाहीत असं मला वाटायचं. तुला मात्र उचलायचे. चाळीस वर्षं झाली त्याला आणि अजून जात नाही.

हे पत्र आप्पांना वाचून दाखव. माझ्याने समोर सांगवणार नाही.

ह्या पत्राबरोबर सकाळच्या गाडीने पत्र्याचा बिस्किटाचा डबा पाठवते आहे. आत अकरा उंदीर आहेत. कोठीतल्या पिंजऱ्यातले, रात्री सापडलेले, पहाटे पाण्यात बुडवून मारलेले. आमच्या घरात वडी कधी आली नाही, तेव्हा हे बिनविषाचे आहेत ह्याची खात्री बाळग. कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळले आहेत. पुढचं स्टँडवर उभी राहून लिहिते आहे. फकिरा कंडक्टरने डब्यात काय म्हणून विचारलं. खोटं बोलून बोलून कंटाळले होते, म्हणून खरं सांगितलं. तो दोन पावलं मागे सरला, मग ड्रायव्हरच्या मागच्या जाळीत ठेवला. आजचा डबा तो घरपोच देईल, उद्यापासून मनोजरावांना रोज दुपारी सीबीएसवर उभं राहायला सांग. मी रोज पाठवीन.

लोभ ठेव असं मागायचा मला अधिकार नाही.

सरू


॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक,
३ डिसेंबर १९९८

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मी तुला मनात वाट्टेल ते बोलले. तिसऱ्या दिवशी पत्र लिहायला घेतलं ते फार कडू झालं, म्हणून टाकलं नाही. डबे मात्र रोज मिळतात. हे नाक दाबून घेऊन येतात आणि लगेच आंघोळ करतात. आप्पा सांडशीने एकेक उंदीर खोक्याशी धरतात, स्वतः खाली बसून राहतात, म्हणजे पिल्लांनी माणसाकडे बघून खायला शिकू नये. थोरली तिघं सबंध गिळतात. सगळ्यांत धाकटं शनिवारी गेलं, ते आधीच खंगलं होतं. उरलेली तिघं जगतील असं आप्पा म्हणतात.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं नाही. त्यांनीच मागून घेतलं. नव्या डोळ्याने वाचलेलं हे पहिलं पत्र. वाचून झालं तशी खिशातली ती पुडी काढली. मागे नामपूरच्या दुकानाचा शिक्का होता. पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, अक्का. मी विचारलं की मग बोलला का नाहीत, तर म्हणाले की ती आपणहून सांगते का ते बघत होतो.

मग जिन्यात जाऊन बसले. आपल्या हातांकडे बघत म्हणाले की तेव्हा वड्या नव्हत्या. पीठ आणि गूळ घेऊन विष हाताने मळावं लागायचं. एका हमालाची दीड वर्षाची मुलगी बापाचं बोट चोखून दगावली. त्या दिवसापासून ते माती लावून, साबण लावून चारचारदा हात धुवायचे, तरी वास जायचा नाही. तू धावत यायचीस आणि त्यांना ती मुलगी दिसायची. माझ्या जन्माच्या वेळी त्यांची बदली वजनकाट्यावर झाली होती. म्हणून मी खांद्यावर बसले. एवढंच कारण. पुढे म्हणाले की सरूला सांगायला हवं होतं, पण सांगायची सवय तिच्या बाबतीत लागलीच नाही, लांब ठेवण्याचीच लागली.

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आणि आता मी माझं सांगते. तुला वाटतं की आप्पा माझे. इथे ते अडीच महिने बोलले ते घुबडांबद्दल, गोदामाबद्दल आणि तुझ्याबद्दल. सरू अशी भाकरी करते, सरूला न सांगता कळतं, सरूच्या घरी धोतर वाळत घालायची दोरी इथे बांधलेली असते. मी चारला उठून चहा द्यायची, आणि ते म्हणायचे की सरूचा जरा कडक असतो. मला तुझा किती हेवा वाटायचा! ते बोलतात असं तुला इतकं रंगवून लिहिलं ना, त्यात थोडं तुला टोचावं असंही होतं. तेव्हा सगळं तुझ्याच माथी नको.

तरी कुसाबाईंचं काय? ती बाई सगळ्यांच्या शिव्या खाते आहे आणि तुझं नाव अजून तोंडातून काढत नाही. आप्पांनी सोबत चार ओळी दिल्या आहेत. लोभ कमी झालेला नाही, पण राग आहे.

तुझी
मोहिनी


(सोबतचा कागद)

चि. सरूस आशीर्वाद.
उंदीर पोचतात. ते चांगले आहेत. तू ये. तीन पिल्लं आठ-दहा दिवसांत उडतील, त्याआधी ये. कुसाबाईच्या दारात आपण दोघं जाऊ. विष मी पण घातलेलं आहे, तुला एकटीला पाठवणार नाही. मग घर जाऊ. माले आते घर जानं शे.
आप्पा


॥ श्री ॥

इंदिरानगर, नाशिक,
३१ जानेवारी १९९९

ती. सौ. अक्कास,
मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही दोघं जाऊन महिना झाला. आप्पांचा डोळा बरा आहे हे दाजींच्या कार्डावरून कळलं. चिंचेखाली तू त्यांना खुर्ची टाकून दिलीस आणि आता पिंगळ्यांच्या गोष्टी तुला ऐकाव्या लागतात, तेही कळलं.

कुसाबाईंच्या सुनेला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बारशाला सगळी कॉलनी गेली होती. डिसेंबरात आलीस तेव्हा तू त्यांच्या अंगणात सगळ्यांसमोर उभी राहिलीस आणि वड्या मी पाठवल्या, धाक मी घातला, ह्या बाईचा दोष नाही, असं म्हणालीस. आप्पा तुझ्या शेजारी होते. मी जिन्यात दाराआड होते, अक्का. माझी बहीण म्हणून लोक माझ्याकडे बघतील ह्या लाजेने मी खाली आले नाही. तुला वाटलं असेल मी वर पिल्लांपाशी आहे. तसं नव्हतं. हे सांगितल्याशिवाय मला झोप येईना.

कॉलनीत आता झाकणाचे पिंप आले आहेत. मागचं गवत काढलं, बिळं बुजवली, दर रविवारी दोन घरांनी पिंजरे बघायचे असं ठरलं आहे. उंदीर संपलेले नाहीत, पण भिंतीची माती नव्याने उकरलेली दिसत नाही. तिन्ही पिल्लं उडून गेली ती परत आली नाहीत. आप्पा म्हणायचे तेच बरोबर, ती आपापली जागा शोधतात. नर एकटा येतो. कठड्यावर बसतो, मला बघून उडत नाही. मी रोज दिवेलागणीला वर जाते. ह्यांनी टाकी पलीकडच्या कोपऱ्यात बसवून घेतली, खोक्याला हात लावला नाही.

घर फार मोकळं झालं आहे. काल ह्यांना उशीर होता. मी आप्पांना पत्र लिहायला बसले. ब्लडप्रेशर वाढलं आहे, चक्कर येते, डॉक्टर म्हणतात एकटं राहू नका, असं दोन पानं लिहिलं. एकही शब्द खरा नव्हता, मला काही झालेलं नाही. तुला न कळता ते त्यांच्या हाती पडावं म्हणून पाकिटावर फक्त त्यांचं नाव घातलं. तिकीटही लावलं. आणि मग माझं मलाच दिसलं की मी काय करते आहे. नोव्हेंबरात तू अशीच बसली असशील कागद घेऊन. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस विचार करत होते की सख्खी बहीण असं कसं करू शकते. आता त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावर होतं.

ते पत्र फाडलं. लावलेलं तिकीट सोडवून ह्याच पाकिटाला लावलं आहे, कडेला फाटलंय, पोस्टाने दंड लावला तर तू भर.

मला आप्पा हवे आहेत, अक्का. तुझे हिसकावून घ्यायचे नाहीत, पण हवे आहेत. कधी पाठवतेस ते तूच ठरव आणि मला कळव. त्यांना सोडायला तू स्वतः ये, आणि आलीस की चार दिवस राहा.

दाजींना नमस्कार. इथल्या दोघांवर जीव असू दे.

तुझी
मोहिनी